यादृच्छिक नमुन्यांची सरासरी जुळत नाही: सारखी येणारी अडचण आणि तिचा माग

अडचण अशी असते. कागदावर वितरण, म्हणजे कुठली मूल्यं किती वेळा यावीत याचा नियम, ठरवलेलं असतं, त्याची सरासरी माहीत असते. सॉफ्टवेअरकडून त्या वितरणाचे हजारो नमुने काढले की त्यांची सरासरी भलतीच निघते. शोधाशोध करून एक ओळ बदलली की काम चालतं, आणि महिन्याभरानं दुसऱ्या वितरणात, कधी दुसऱ्या भाषेत, तीच गत होते. मी सोलापुरात संख्याशास्त्र शिकवते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ही तक्रार इतक्या वेळा आली की तिचं मूळ एकदा नीट लिहून ठेवावंसं वाटलं. निमित्त झालं माझ्या भाच्याचं.

भाचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी छोटं सिम्युलेशन लिहीत होता. मालकांचा प्रश्न सरळ होता: एक कामगार आज चार माग सांभाळतो, सहा दिले तर जमेल का? मागांची देखरेख करणाऱ्या जॉबरमामांनी वहीत नोंदी ठेवल्या होत्या. आकडे इथे सोपे करून सांगते: माग सरासरी १२ मिनिटं चालतो आणि धागा तुटून थांबतो. धागा जोडून माग पुन्हा सुरू करायला सरासरी २ मिनिटं लागतात. कांडी (आडव्या धाग्याची गुंडाळी) संपून थांबलेल्या वेळा आम्ही मुद्दाम बाजूला काढल्या, कारण कांडी जवळजवळ ठरलेल्या वेळानं संपते. धाग्याचं तसं नाही. मघाशी तुटला म्हणून आता लवकर तुटेल किंवा बराच वेळ टिकेल, असं काही नसतं. ज्या घटनेला मागची आठवण नसते, तिच्या दोन वेळांमधलं अंतर घातांकी वितरणानं मांडतात. इथपर्यंत भाच्याचं काही चुकलं नव्हतं.

कार्यक्रम चालवला तर पडद्यावरचे माग चालेचनात. मामा शेजारी उभे होते. त्यांनी थांबण्याच्या वेळा वाचल्या आणि म्हणाले, "ताई, पाच सेकंदाला धागा तुटत असता तर आम्ही हा माग लावलाच नसता की."

त्या पाच सेकंदांतच उत्तर होतं. १२ मिनिटांच्या जागी १/१२ मिनिट, म्हणजे बरोबर ५ सेकंद.

दर की स्केल

घातांकी वितरण लिहायच्या दोन रीती आहेत. एका रीतीत दर देतात: मिनिटाला १/१२ वेळा धागा तुटतो. दुसऱ्या रीतीत स्केल देतात: सरासरी १२ मिनिटांनी तुटतो. दोन्ही एकच गोष्ट सांगतात, पण संख्या एकमेकींच्या उलट्या असतात. आर भाषेतलं आरएक्स्प हे फंक्शन दर मागतं. पायथन भाषेच्या नम्पाय या संग्रहातलं (लायब्ररीतलं) एक्स्पोनेन्शियल स्केल मागतं. भाच्यानं जुना आरमधला कार्यक्रम पायथनमध्ये उतरवला आणि १/१२ जसाच्या तसा ठेवला. कोणतीही चूक दाखवली गेली नाही, कारण १/१२ हीसुद्धा स्केलसाठी चालणारीच संख्या आहे. सॉफ्टवेअरनं सांगितलं तेच केलं.

गोंधळ एवढ्यावर थांबत नाही. पायथनच्याच मूळ रँडम मॉड्यूलमधलं एक्स्पोव्हेरिएट दर घेतं आणि त्याच मॉड्यूलमधलं गॅमाव्हेरिएट स्केल घेतं. सी प्लस प्लसमध्येही घातांकी वितरणाला दर लागतो आणि गॅमाला स्केल. एक्सेलमध्ये एक्स्पॉन.डिस्टचा लॅम्डा हा दर असतो, तर गॅमा.इन्व्हचा बीटा स्केल. म्हणून "पायथनमध्ये स्केल असतो" किंवा "एक्सेलमध्ये दर असतो" असा ठोकताळा कामाचा नाही. प्रत्येक फंक्शनचं मदतपान उघडूनच पाहावं लागतं.

पायथनच्याच सायपाय या दुसऱ्या संग्रहात आणखी एक खड्डा आहे. तिथल्या बहुतेक वितरणांत आकाराच्या प्राचलांनंतरची (प्राचल म्हणजे वितरणाला पुरवायचा आकडा) पहिली जागा 'लोक'ची, म्हणजे सरकवण्याची असते, आणि स्केल त्याच्यानंतर येतो. एक्सपॉनला नुसतं १२ दिलं की ते १२ सरकवणीत जातं आणि स्केल १ राहतो. सगळे नमुने १२ च्या वर येतात, सरासरी १३ येते. १३ आणि १२ मधला फरक पाहून कुणी दचकत नाही, आणि म्हणूनच ही चूक पाच सेकंदांच्या चुकीपेक्षा घातक आहे. प्रत्यक्षात काय झालं? कुठलाही माग पहिल्या १२ मिनिटांत कधीच थांबणार नाही असं गृहीत धरलं गेलं. उपाय एकच: सायपायमध्ये स्केल नेहमी नाव घेऊन लिहायचा, जागेच्या भरवशावर सोडायचा नाही.

आणि चाचणी घेताना १ हा आकडा कधीही वापरू नका. दर १ असला की स्केलही १ असतो, आणि उलटसुलट केलेलं दोन्हीकडे सारखंच दिसतं. "मॅडम, मी तपासलं होतं" असं सांगणाऱ्या कितीतरी जणांनी १ घेऊनच तपासलेलं असतं.

पाऊस, आणि गॅमाची तीच कथा

आमच्याकडे मंगळवेढा, मोहोळ, बार्शीकडची मुलं येतात. घरची शेती पावसावर असल्यामुळे प्रकल्पाला पाऊसच निवडतात आणि मनापासून काम करतात. पावसाळी दिवशी किती मिलिमीटर पडला, यासाठी गॅमा वितरण बरं बसतं. समजा आकार ०.८ आणि स्केल १२.५, म्हणजे सरासरी १० मिलिमीटर. आरच्या आरगॅमामध्ये नाव न घेता तिसऱ्या जागी १२.५ लिहिले तर ते दर समजले जातात. सरासरी मग ०.८ भागिले १२.५, म्हणजे ०.०६४ मिलिमीटर. एवढ्यानं अंगणातली धूळही बसणार नाही. तेच आकडे त्याच क्रमानं नम्पायच्या गॅमाला दिले तर बरोबर १० येतात.

पावसात दुसरीही एक चूक पाहिली आहे. गॅमातून शून्य कधी येत नाही आणि सोलापूरच्या नोंदींत शून्याचे दिवस भरपूर असतात. ते शून्यासकट गॅमात कोंबले की आकाराचं प्राचल बिघडतं. आधी नाणेफेकीसारखा निर्णय घ्यायचा, आज पाऊस आहे की नाही. असेल तरच गॅमातून किती ते काढायचं.

लॉगनॉर्मल: नावातच फसगत

माग पुन्हा सुरू करायला लागणारा वेळ आम्ही लॉगनॉर्मल धरला. बहुतेक वेळा काम झटपट होतं, पण मधूनच एखादं लांबतं. सरासरी २ मिनिटं, प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) १ मिनिट. भाच्यानं लॉगनॉर्मलला २ आणि १ दिले, आणि सरासरी १२ मिनिटांच्या वर गेली.

कारण असं की लॉगनॉर्मलची दोन्ही प्राचलं वेळेची नसून वेळेच्या लॉगॅरिदमची असतात. २ आणि १ दिले की सरासरी ई चा २.५ वा घात, म्हणजे १२.१८ मिनिटं होते. आपल्याला हवी ती प्राचलं काढायचा हिशेब लहान आहे. प्रमाण विचलनाला सरासरीनं भागा, वर्ग करा, त्यात १ मिळवा आणि लॉग (नैसर्गिक, म्हणजे एलएन) घ्या: १/२ चा वर्ग ०.२५, लॉग १.२५ म्हणजे ०.२२३१. हा लॉगच्या बाजूचा व्हेरिअन्स, म्हणजे विचलनाचा वर्ग. त्याचं वर्गमूळ ०.४७२४ हा सिग्मा. मग लॉग २ मधून ०.२२३१ चा अर्धा वजा करा: ०.६९३१ उणे ०.१११६, म्हणजे ०.५८१५. हा म्यू. नम्पायच्या लॉगनॉर्मलला ०.५८१५ आणि ०.४७२४ दिले की सरासरी २ येते आणि मध्यक (निम्मे नमुने ज्याच्या खाली, निम्मे वर) १.७९ च्या आसपास. सायपायला मात्र म्यू तसाच चालत नाही. तिथे सिग्मा आकार म्हणून द्यायचा आणि स्केलमध्ये ई चा म्यू वा घात, म्हणजे हाच १.७९ चा मध्यक.

नॉर्मलची चूक थोडक्यात सांगते, कारण ती लवकर सापडते. पुस्तकात नॉर्मलच्या कंसातला दुसरा आकडा बहुधा व्हेरिअन्स असतो. आर, नम्पाय आणि एक्सेल प्रमाण विचलन मागतात. टॉवेलचं वजन सरासरी ४०० ग्रॅम आणि विचलन ८ असेल, तर पुस्तकातले ६४ उचलून दिले की काही टॉवेल अडीचशे ग्रॅमचे आणि काही साडेपाचशेचे निघतात. जॅग्स या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये तर व्हेरिअन्सचाही व्यस्त द्यावा लागतो.

मोजणीच्या वितरणांत भूमितीय वितरण सांभाळावं. नम्पाय पहिलं यश कितव्या प्रयत्नात आलं ते सांगतं, म्हणून मोजणी १ पासून सुरू होते. आर यशाआधी किती अपयशं आली ते सांगतं, म्हणून ० पासून. नम्पायचं पॅरेटोही ० पासून सुरू होतं. नेहमीचं पॅरेटो हवं असेल तर उत्तरात १ मिळवून किमान मूल्यानं गुणायचं.

साडेतीन किलोचा टॉवेल

वजन ३८० ते ४२० ग्रॅममध्येच हवं, बाहेरचा माल बाजूला निघतो, अशी अट आली. भाच्यानं आधी नुसती छाटणी केली: ३८० च्या खालचं ३८० करा, ४२० च्या वरचं ४२० करा. तसं केलं की एक लाख नमुन्यांत सुमारे ६२० टॉवेल अगदी नेमके ३८० ग्रॅमचे आणि तितकेच नेमके ४२० चे होतात. कडेला असे ढीग साचलेलं वितरण प्रत्यक्षात कुठे नसतं.

मी त्याला सायपायचं ट्रंकनॉर्म वापरायला सांगितलं. त्यानं सीमा ३८० आणि ४२० दिल्या, सरासरी ४००, स्केल ८, आणि प्रत्येक टॉवेल ३४४० ग्रॅमचा निघाला. इथे सीमा ग्रॅममध्ये द्यायच्या नसतात. सरासरीपासून किती विचलनं दूर, तशा द्यायच्या असतात: ३८० उणे ४००, भागिले ८, म्हणजे उणे २.५, आणि वरची अधिक २.५. त्यानं दिलेले ३८० हे "सरासरीच्या वर ३८० विचलनं" असे वाचले गेले: ४०० अधिक ८ गुणिले ३८०. मदतपानात हे लिहिलेलं आहे, तरीही ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे.

सगळे माग एकाच क्षणी थांबतात

प्राचलं सुधारली, सरासरी १२ वर आली, आणि नवंच दिसलं. चारही माग नेमके एकाच सेकंदाला थांबत होते, दरवेळी. कामगार एका मागाशी, बाकी तीन त्याची वाट पाहत. अशा कार्यक्रमानं सांगितलं असतं की चारसुद्धा झेपत नाहीत.

नमुना काढणाऱ्या फंक्शनच्या पहिल्या ओळीत सीड ठरवलेला होता. सीड म्हणजे संख्यांच्या ओळीत सुरुवातीची जागा. तो दरवेळी नव्यानं ठरवला की ओळ दरवेळी तिथूनच सुरू होते आणि प्रत्येक मागाला तेच आकडे मिळतात. सीड कार्यक्रमाच्या अगदी वर एकदाच ठरवायचा. नम्पायमध्ये डिफॉल्ट_आरएनजीनं एक जनरेटर (यादृच्छिक संख्या पुरवणारा) बनवायचा आणि तोच फंक्शनला हातात द्यायचा.

हीच अडचण जास्त लपून येते ती काम अनेक प्रक्रियांत वाटून देताना. लिनक्सवर मुख्य प्रक्रियेची नक्कल होते तेव्हा जनरेटरची स्थितीही जशीच्या तशी नकलते. आठ प्रक्रिया आठ वेगळी उत्तरं आणतील असं वाटतं, पण येतात आठ सारखी. आपण मात्र आठपट पुरावा मिळाला असं समजतो. अशा वेळी नम्पायच्या सीडसीक्वेन्समधलं स्पॉन वापरून प्रत्येक प्रक्रियेला स्वतंत्र प्रवाह द्यावा. सीडला १, २, ३ असे क्रमांक हातानं देत बसू नये.

गेल्या वर्षीचा सीड देऊनही आज वेगळे आकडे येत असतील तर आवृत्ती पाहा. आरनं २०१९ मध्ये ३.६.० या आवृत्तीत सॅम्पल फंक्शनची रीत बदलली, कारण जुन्या रीतीत फार मोठ्या यादीतून निवडताना किंचित झुकाव यायचा. जुना निकाल पुन्हा हवा असेल तर आरएनजीकाइंडमध्ये राउंडिंग मागता येतं. एक्सेलमध्ये प्रश्न निराळा आहे: कुठल्याही चौकोनात काही लिहिलं की रँड पुन्हा चालतं आणि सगळे नमुने बदलतात. नमुने काढून झाले की नुसती मूल्यं चिकटवून ठेवा. घातांकी नमुना एक्सेलमध्ये काढायचा तर उणे १२ गुणिले एलएन, आणि एलएनच्या आत १ उणे रँड. नुसतं रँड नको, कारण रँडला शून्य येण्याची मुभा आहे आणि शून्याचा लॉग नसतो.

जनरेटरवर संशय घ्यावा का

विद्यार्थी आधी तिथेच बोट दाखवतात. १९६० च्या दशकातल्या आयबीएमच्या रँडू या जनरेटरबाबत ते खरं होतं. दरवेळी ६५५३९ नं गुणायची त्याची रीत होती, आणि सलग तीन-तीन संख्या घनात मांडल्या तर सगळे बिंदू अवघ्या १५ प्रतलांवर पडत. आज आर आणि पायथनचं रँडम मॉड्यूल मर्सेन ट्विस्टर वापरतात. त्याची ओळ २ चा १९९३७ वा घात उणे १ एवढ्या संख्यांनंतर पहिल्यापासून सुरू होते. नम्पायचा नवा जनरेटर पीसीजी ६४ वर चालतो. सरासरी कितीतरी पट चुकली असेल तर दोष यांच्यात नाही. पासवर्ड किंवा ओटीपी मात्र यांच्यातून काढू नयेत, त्यासाठी पायथनमध्ये सीक्रेट्स हे वेगळं मॉड्यूल आहे.

मी आता काय तपासायला लावते

कुठलंही वितरण मुख्य कार्यक्रमात जाण्याआधी त्याचे एक लाख नमुने वेगळे काढायचे. सरासरी पाहायची, पण किती जवळ म्हणजे जवळ हे आधी ठरवून. घातांकी वितरणात विचलन सरासरीएवढंच असतं, १२. एक लाखाच्या वर्गमुळानं, म्हणजे ३१६.२ नं, भागलं की ०.०३८ येतं. त्याच्या तिप्पट, ०.११ च्या आत सरासरी हवी. १२.०७ आली तर शांत राहा. १२.४ आली तर कार्यक्रम थांबवा, "यादृच्छिक आहे, थोडं इकडेतिकडे होणारच" असं म्हणून पुढे जाऊ नका.

नुसती सरासरी पुरत नाही. शून्य ते २४ मधल्या समान वितरणाचीही सरासरी १२ च असते. म्हणून मध्यक पाहा, घातांकीत तो ८.३२ हवा. १२ च्या वरचे नमुने मोजा, ते ३६.८ टक्के हवेत. सर्वांत लहान नमुना पाहा, तो शून्याला चिकटलेला हवा. सायपायची सरकवण्याची चूक इथे लगेच पकडली जाते. कॉशीसारख्या वितरणाला सरासरीच नसते, तिथे मध्यक आणि चतुर्थकांवरच विसंबावं लागतं. नमुने वितरणाशी जुळतात का हे पाहणारी कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह कसोटीही लावता येते, फक्त प्राचलं त्याच नमुन्यांवरून काढलेली नसावीत.

एक तपासणी मला या सगळ्यांहून मोलाची वाटते: ज्याचं उत्तर हातानं निघतं असा एक प्रसंग अख्ख्या कार्यक्रमातून चालवून पाहणं. दुरुस्तीचा वेळही घातांकी धरला, सरासरी २ मिनिटं, तर चार माग आणि एका कामगाराचा हिशेब कागदावर होतो. २ भागिले १२ म्हणजे १/६. शून्य माग थांबलेले, एक, दोन, तीन, चार, अशा स्थितींची वजनं येतात १, २/३, १/३, १/९ आणि १/५४. बेरीज ११५/५४. कामगार मोकळा असण्याचा वाटा ५४/११५, म्हणजे ४७ टक्के. उरलेले ५३ टक्के तो धागे जोडत असतो, आणि माग ७९.६ टक्के वेळ चालतात. भाच्याच्या कार्यक्रमानं हेच आकडे दिले तेव्हा मी पहिल्यांदा त्यावर विश्वास ठेवला. मग लॉगनॉर्मल परत बसवला.

याच कागदी हिशेबात सहा माग घातले तर मागांचं चालणं ७३.५ टक्क्यांवर येतं, आणि कामगाराचं गुंतलेपण ५३ वरून तेवढंच, ७३.५ टक्के होतं. मालक पहिला आकडा बघत होते. मामांनी दुसऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्यात एका मागापासून दुसऱ्याकडं चालत जायचं धरलंय का? आणि उन्हाळ्यात पाणी प्यायला जातो ते?"

धरलेलं नव्हतं. मामा आता त्या वेळाही वहीत लिहितायत. त्यांचं वितरण ठरलं की आधी एक लाख नमुने काढू, आणि मगच मालकांना उत्तर देऊ.